बापट डॉक्टर आणि माझं खारट पाणी

कुणाच्या घरी गेल्यावर आपण दिलेलं पाणी पितो. डॉक्टर बापट आधी ते मोजतात.

शर्टाच्या खिशातून पेनसारखं एक यंत्र निघतं. त्याचं टोपण काढून ते यजमानांच्या देखत ग्लासात बुडवतात, चष्मा कपाळावर ढकलतात, पाण्यात किती क्षार विरघळलेत त्याचा आकडा वाचतात आणि म्हणतात, "हं." या "हं"चे प्रकार आहेत. एका "हं"चा अर्थ, पितो. दुसऱ्याचा अर्थ, राहू द्या, चहाच करा. माझ्या घरी त्यांनी तिसराच काढला आणि तो मी आजतागायत विसरलेलो नाही.

इंग्लंडमधल्या स्लाऊ गावात त्यांचं आणि माझं घर एका भिंतीला चिकटून आहे. ते हॉस्पिटलात भूल द्यायचे, आता रिटायर आहेत. मी इथे आलो तेव्हा ट्रेडिंग इस्टेटवर, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, दुसऱ्याच्या गोदामात पोती उतरवत होतो. आज त्याच रस्त्यावर माझं स्वतःचं किराणा-भाजीचं मोठं दुकान आहे, मागे कोल्डरूमसकट. हे कुणी ताटात वाढून दिलेलं नाही. एकेका व्यापाऱ्याशी घसा कोरडा होईपर्यंत घासाघीस करून मिळवलेलं आहे. आमच्या मराठी मंडळातली, शेजारच्या रीडिंग गावची कॉम्प्युटरवाली माणसं मला "दुकानवाले निकम" म्हणतात. म्हणोत. कोथिंबीर माझ्याकडूनच नेतात.

तर, स्लाऊचं पाणी चुन्याचं. केटलमध्ये महिन्याभरात पांढरे पापुद्रे धरतात. मी ऐटीत चुना काढून टाकणारा वॉटर सॉफ्टनर बसवून घेतला. आमच्या गल्लीतला पहिला. सत्यनारायणाला सगळ्यांना बोलावलं ते, खरं सांगायचं तर, तो दाखवायलाच. डॉक्टरांनी ग्लास हातात घेतला.

"हिस्ट्री सांगा."

"कुणाची?"

"पाण्याची."

मी मशीनचं कौतुक सांगितलं, दर महिन्याला त्यात मिठाच्या विटा घालाव्या लागतात तेही सांगितलं. पेन बुडलं.

"हं. आकडा होता तेवढाच आहे. चुना गेला, त्याच्या जागी मीठ आलं. खारट पाणी आहे हे, निकम. अंघोळ करा. झाडाला घालू नका, मरेल."

खोली हसली. साठेकाकूंनी हातातला ग्लास हळूच टीपॉयवर ठेवला, तसाच भरलेला. सत्यनारायण बाजूला राहिला आणि माझं पाणी पुढची तीन वर्षं मंडळाचा विनोद होऊन बसलं.

आता हा माणूस पाण्यावर एवढा का बोलतो, तर त्याची बाग पाण्यावर आहे. घरामागच्या काचेच्या खोलीत मूठभरसुद्धा माती नाही. पांढरे पाइप, टब, गुरगुरणारे छोटे पंप, आणि उघडी मुळं पाण्यात सोडून उभे असलेले पालक, मेथी, पुदिना. मधोमध निळ्या टबात अळू. त्याच्याशेजारी एक खुर्ची. डॉक्टर तिथे बसून कधी टबातला आकडा बघतात, कधी पानांकडे, पुन्हा आकडा. ऑपरेशन चालू असताना पेशंटच्या उशाशी बसत असतील तसेच. कुंपणावरून मला ऐकू येतं. "मी इथेच आहे," असं ते अळवाला सांगतात.

नळाचं पाणी सरळ कुणालाच मिळत नाही. मी एकदा म्हटलं, "अहो, बादली रात्रभर उघडी ठेवा, क्लोरीन उडून जाईल."

"तो जमाना गेला. आता जे घालतात ते आठवडाभर ठेवलंत तरी हलत नाही." आणि त्यांनी व्हिटॅमिन सीची गोळी कुटून बादलीत टाकली. मग अॅसिडचे थेंब, मग ढवळणं, मग पेन. एवढं करूनही ते पाणी पालकाला आणि मेथीला. अळवाला फक्त शेडच्या छपरावरून पिंपात जमवलेलं पावसाचं पाणी, तेही कोळशातून गाळून.

"त्याचेच एवढे लाड का?"

"बाकीचे ओपीडी. पेशंट हा एकच."

माझा दुसरा राग या अळवावरच. मंडळाच्या गणपतीला अळूवड्या माझी बायको शोभा करते. डॉक्टरांकडे हत्तीच्या कानाएवढी पानं. मी मागितली. नाही म्हणाले. बदल्यात वाटेल ते न्या म्हटलं. "नाही, निकम." कारण नाही, बहाणा नाही. घासाघिशीत समोरचा काहीतरी कारण देतो, त्या कारणाला धरून त्याला खाली ओढता येतं. या माणसाने मला धरायला काही दिलंच नाही. मंडळात सगळे त्यांना चिक्कू म्हणतात, आणि मीही कधी कुणाला अडवलं नाही.

मग तो कोरडा उन्हाळा आला. इंग्लंडमध्ये पाऊस नाही, म्हणजे बोलायलाच काही नाही. बागेला होजपाइपने पाणी घालायला बंदी आली, हिरवळी वाळक्या काडीसारख्या पिवळ्या पडल्या, आणि डॉक्टरांचं पिंप खडखडीत झालं. नळाचं पाणी गाळणारं यंत्र त्यांनी आणलं, ते ऐन वेळी बंद पडलं. अळवाच्या कडा करपायला लागल्या. खुर्ची टबाच्या आणखी जवळ सरकली.

एका सकाळी ते माझ्या दुकानात आले. बाटलीबंद पाण्याच्या मांडणीसमोर उभे राहून त्यांनी प्रत्येक जातीची एकेक बाटली रीतसर विकत घेतली आणि तिथेच उघडून पेन बुडवायला लागले.

"हं. खडकातलं आहे. हं. हे तर नळापेक्षा वाईट."

गिऱ्हाइकं बघत होती. एक बाई हातातला खोका परत ठेवून गेली. मी त्यांना दंडाला धरून मागे कोल्डरूमकडे नेलं, दोन शब्द सुनावायला. मी सुनावत होतो आणि त्यांचं लक्ष भिंतीतून आलेल्या पाइपाकडे होतं. त्यातून बादलीत थेंब पडत होते. त्यांनी वाकून पेन बुडवलं. "हं" आलाच नाही. त्यांनी यंत्र झटकलं, पुसलं, पुन्हा बुडवलं.

"निकम, हे काय आहे?"

"कोल्डरूमचं पाणी. थंड कॉइलवर हवेतली ओल जमते, ती ठिबकते. गटारात ओततो आम्ही."

"कॉइल तांब्याची?"

"असेल."

"तांबं उतरलं असेल तर गाळून घेईन. यात काहीच नाही हो. पावसापेक्षा स्वच्छ." मग घसा साफ करून म्हणाले, "मला हे रोज हवं."

तीन वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो. बादलीच्या आणि त्यांच्या मधे जाऊन उभा राहिलो.

"गणपतीत सगळ्यांसमोर सांगायचं. निकमांच्या घरचं पाणी चांगलं आहे."

"ते खोटं आहे."

"मग गटार बरं."

"पण ते खारट आहे, निकम. मी काय करू?"

अळू मरायला टेकलेला आणि माणूस एका शब्दाने खाली यायला तयार नाही. असं गिऱ्हाईक मला उभ्या जन्मात भेटलेलं नाही. मी दुसरा भाव काढला. "मग पानं द्या."

त्यांनी पेन पुसून त्याला टोपण लावलं.

"दोन देईन. गणपतीच्या दिवशी. तुम्हा दोघांपुरती, मंडळात न्यायची नाहीत. आणि चिंच भरपूर घाला."

"मला चिंच शिकवता? गोणीने विकतो मी."

पाणी सुरू झालं. मी स्वतः कॅन नेऊन देत होतो, सौदा म्हणजे सौदा. त्या पाण्यात ते खतं मिसळायचे, शिवाय भांडंभर नळाचं पाणीही, कारण थोडा चुना लागतोच म्हणाले. अळवाने नवी पानं काढली. गणपतीच्या दिवशी सकाळी दोन पानं ओल्या फडक्यात गुंडाळून आली. शोभाने बायकांना फोन करून ही बातमी सांगितली आणि नेहमीच्या अंदाजाने चिंच घालून वड्या केल्या. मी पहिली अख्खी तोंडात टाकली.

थोड्याच वेळात माझ्या घशात जणू काचेचा चुरा फिरत होता. शोभा नळाखाली जीभ धरून उभी होती. मी तसाच कुंपण ओलांडून काचेच्या खोलीत शिरलो.

"खाजरा अळू देता? सूड उगवता?"

डॉक्टर खुर्चीतच होते. त्यांनी गुळाचा खडा पुढे केला. बशी तयारच होती.

"म्हणजे अजून खाजतो," ते म्हणाले.

"अजून?"

"माझ्या बायकोने, वत्सलाने आणलेला हा. साडीत कंद गुंडाळून. माहेरच्या शेजारणीने चांगला म्हणून दिला होता. मंडळाच्या पहिल्या गणपतीला तिने सगळ्यांसाठी वड्या केल्या आणि आरतीला कुणाचा आवाज फुटेना. पुढे कितीतरी वर्षं लोक तिची थट्टा करायचे. तीही हसायची, घरी पोचेपर्यंत."

"मग फेकून का नाही दिला?"

"ती म्हणायची, माती बदलली की सुधारेल. दरवर्षी माती बदलायची. ती गेली त्या हिवाळ्यात मुळं मातीत कुजली. एवढासा तुकडा उरला होता. तो धुऊन पाण्यात ठेवला." त्यांनी टबाच्या कडेवरून बोट फिरवलं. "तेव्हापासून मी पाणी बदलून बघतोय. इतकं चांगलं पाणी याला कधी मिळालं नव्हतं. वाटलं, या वेळी असेल."

"स्वतः खाऊन बघायचं आधी."

"दरवर्षी बघतो. आता मला धड कळत नाही, खाजतो की सवय झाली. म्हणून तुम्हाला दिली."

मी गूळ चघळत उभा राहिलो. मग बशीतला आणखी एक खडा शोभासाठी उचलला आणि कुंपण ओलांडून परत आलो.

संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये मंडळाची आरती. साठेकाकू दारातच आडव्या आल्या. मंडळातलं जुनं माणूस, पहिल्या गणपतीपासूनचं. पाठोपाठ चार-पाच जणी, ओठ दाबून.

"काय निकम, डॉक्टरांनी पानं दिली म्हणे. घसा ठीक ना?"

डॉक्टर माझ्या शेजारीच होते. त्यांनी खिशातलं पेन मुठीत धरलं होतं.

"घशाला काय झालंय?" मी म्हणालो. आवाज भांड्यावर तारेची घासणी फिरवल्यासारखा आला. "लोण्यासारख्या वड्या झाल्या. एक उरली नाही. असा अळू माझ्या दुकानात आला असता तर तुम्ही सगळ्या रांगेत उभ्या असता. आणि तो चिक्कूपणा नाही. एवढ्या चांगल्या वस्तूला राखावंच लागतं."

साठेकाकूंचं हसू विरलं. शोभाने पदराने तोंड झाकलं.

"पाणी यांच्याकडचं होतं," डॉक्टर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "इतकं स्वच्छ पाणी मी या देशात पाहिलं नाही." थोडं थांबून म्हणाले, "दुकानातलं. घरचं खारटच आहे."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. घसा असा काही खाजला की शब्दच फुटेना. तेवढ्यात आरती सुरू झाली, आणि डॉक्टरांनी माझ्या हातात टाळ दिले.