आबांची खोबरेलाची पेटी

बर्फ फार थंड आहे म्हणून तक्रार करणारं गिऱ्हाईक मला आयुष्यात एकच भेटलं. वराळ्याचे आबा. हातगाडीवर गोळे विकून मी हा बर्फाचा कारखाना उभा केला. त्या बर्फाला चार लोकांत नावं ठेवलेली मला अजून झोंबतात.

“तुमचा बरफ लय आडदांड,” ते म्हणाले. “माजा सोनचाफा काळा केला.”

“मग बर्फात घातला कशाला?” मी ओरडलो.

“बेतानं, शेठ, बेतानं.”

चहा असो, पाऊस असो, भांडण असो, आबांना सगळं बेतानं लागतं.

फुलं लांबच्या गावी ताजी पोचवायला आता बर्फ सोडून त्यांनी खोबरेल धरलं. तेलाच्या पिशव्या माझ्या थंड खोलीत गोठवायच्या, जरा सावलीत ठेवायच्या, मग थर्माकोलच्या जाड पेटीत फुलांभोवती रचायच्या. “खोबरेल समदं वितळंस्तवर पेटी तापत न्हाई,” म्हणायचे. खोलीच्या भाड्यावरून आम्ही तासभर घासाघीस केली. शेवटी ठरलं, भाडं नाही, पण पेटी जमली की ती माझी.

मग चाचण्या. पेटी माझ्या अंगणात रणरणत्या उन्हात, शेजारी आबा छत्री घेऊन. एकदा मी नुसता वाकलो, तर खेकसले, “झाकनाला हात न्हाई!” माझ्याच अंगणात!

“एवढा खटाटोप कुणासाठी?”

“दत्तूसाठी. कंपनीत माज्या शेजारच्या मशीनवर होता. रोज माज्या झाडाचं फूल खिशात लावायचा. आता पोराकडं चंद्रपूरला असतो. डोळं गेलं त्याचं.”

“मग फूल काळं की पिवळं, त्याला काय कळतंय?”

आबा छत्रीची मूठ चोळत राहिले. “मागल्या बारीला फुलं पार सडून गेली. त्याच्या सुनेनं सांगितलं. अन् हा फोनवर म्हनतो, वास लय भारी! माज्यापायी खोटं बोलाया लागला त्यो.”

अखेर एका चाचणीत संध्याकाळी झाकण उघडलं, तर फुलं सकाळसारखी. दुसऱ्याच दिवशी पेटी चंद्रपूरच्या गाडीत बसली. ठरल्याप्रमाणे माझी असलेली पेटी! मी आबांना गाठून भांडायच्याच तयारीत होतो, तेवढ्यात ते स्वतःच कारखान्यात आले. “फोन यायचाय. घरी एकट्याला ऐकवंना,” म्हणाले.

फोन आला, आबांनी स्पीकरवर टाकला. पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला.

“आरं,” दत्तू म्हणाला, “ह्या बारीला खरंच येतोय रं वास.”

आबांनी पाठ फिरवली. मी समोरच्या शहाळीवाल्याला हाक मारली आणि दोन सांगितली, बिनबर्फाची.