चारशे ग्रॅमचा गुन्हेगार

आसगावचे भूपेंद्रमामा हे पवनी तालुक्यातले सर्वश्रेष्ठ खाजगी गुप्तहेर होते. हे त्यांचं स्वतःचं मत, आणि ते खोडून काढायला तालुक्यात दुसरा गुप्तहेर नव्हता. बैलाच्या डोळ्यांत बघून मालक खोटं बोलतोय की खरं, हे ते ओळखत. स्वतःची चप्पल मात्र त्यांना देवळाबाहेर एका खेपेत कधी सापडली नव्हती.

आजचं प्रकरण घरातलं होतं. त्यांची भाची गुड्डी दुपारी भंडाऱ्याला पॉवरलिफ्टिंगच्या जिल्हा स्पर्धेला निघायची होती. गट सत्तावन्न किलोचा. काल संध्याकाळी अंगणातल्या धान मोजायच्या काट्यावर ती आरामात गटात बसली होती. आज सकाळी चारशे ग्रॅम जास्त! वरच्या गटात कोंढ्याची राखी होती, आणि राखी हसत उचलायची ते वजन गुड्डीला जागचं हलवता आलं नसतं.

"थंडीत काट्यावर पांघरूण घालून रातभर पहारा देला मी," मामा म्हणाले. "काटा निर्दोष आहे. गुन्हेगार घरातलाच आहे."

पहिला संशय बहिणीवर, कुंताबाईंवर. त्यांच्या पदराला भाताचं शीत चिकटलं होतं, म्हणजे मायेपोटी पोरीला चोरून भरवलं असणार. या गावात पदराला शीत नसलेली बाई दाखव, असं कुंताबाईंनी सुनावल्यावर संशय राखीवर गेला. तिने मोबाइलवर शुभेच्छांसोबत लाडवाचं चित्र पाठवलं होतं. नुसत्या चित्राने वजन वाढतं का, यावर मामांनी बराच विचार केला.

गुड्डी तोवर पाण्याचा घोट न घेता, दोन स्वेटर घालून अंगणात धावत होती. काटा काही ऐकेना. तिला रडू कोसळलं. तेवढंच पाणी कमी झालं, म्हणून मामांना बरं वाटलं.

शेवटी त्यांची नजर वेणीवर गेली. कमरेपर्यंतची वेणी, वर कालचं तेल. कैची आली. गुड्डी काट्यावर उभी राहिली आणि तिने डोळे मिटले.

"काप मामा. पण सरळ काप."

तेवढ्यात कुंताबाई आल्या. गिरणीत धान न्यायला त्यांना पोतं हवं होतं. त्यांनी गुड्डीला खाली उतरवलं, काट्यावरचा घडी घातलेला बारदाना ओढला आणि पोरीला पुन्हा चढवलं. काटा सत्तावन्नच्या खाली येऊन थांबला.

भाचीच्या तळव्यांना गार लोखंड झोंबू नये म्हणून मामांनीच तो बारदाना रात्री मोठ्या मायेने अंथरला होता.

"धान मोजताना जो तो बारदान्याचं वजन कापते," कुंताबाई म्हणाल्या. "अन् तू पोरीची वेणी कापाले निघाला?"

मामांनी कैची खिशात घातली.

"मी म्हणलंच होतं, गुन्हेगार घरातलाच आहे."

भंडाऱ्यात गुड्डीने मामांना वजनाच्या खोलीबाहेरच थांबवलं. आत काट्यावर चढण्याआधी तिने वाकून पायाखाली नीट बघितलं. छप्पन्न किलो नऊशे, वेणीसकट.