दुव्यानंतर बसत नाहीत

कुबातमामा शुक्रवारी आल्माटीला आले ते तीन वस्तू घेऊन: कुरुताच्या, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या, खारट गोळ्यांनी भरलेली पिशवी, डोक्यावर वीतभर उंच पांढरा कल्पाक आणि रविवारच्या परतीच्या बसची दोन तिकिटं.

"दोन कशाला, तायके?" तिलेकने मामांना विचारलं.

"एक माझं."

"आणि दुसरं?"

"ते उद्या काय दिसतं त्यावर आहे," असं म्हणून मामांनी बूट काढले आणि चहा मागितला.

यामागे आई आहे हे तिलेकने लगेच ओळखलं. इसिक-कुलच्या काठचं गाव सोडून, सीमा ओलांडून तो आल्माटीला आला त्याला तीन वर्षं झाली होती. पण तो तिकडे नेमकं करतो काय, हे गावात कुणालाच धड सांगता येत नव्हतं. "लोकांसमोर उभा राहून बोलतो," असं आई शेजारणींना सांगायची. "कशाबद्दल?" असं शेजारणींनी विचारलं, की "आमच्याबद्दल," असं तिला नाइलाजाने म्हणावं लागायचं. त्यातच गावच्या शाळेतले भूगोलाचे मास्तर निवृत्त झाले आणि सोमवारी ती जागा भरायची ठरली. मग आईने भावाला पाठवलं. काम अब्रूचं दिसलं तर पोराला तिथेच राहू द्यायचं, नाही दिसलं तर बसमध्ये बसवून आणायचं.

आणि नेमका त्याच शनिवारी तिलेकच्या तीन वर्षांच्या धडपडीचा कस लागणार होता. तो जिथे स्टँडअप करायचा, त्या तळघरातल्या सभागृहाच्या मालकीणबाई सौले आपाय सकाळीच फोनवर म्हणाल्या होत्या, "तिलेक, आज अस्तानाहून निवड करणारा माणूस येतोय. पंधरा शहरांचा दौरा आहे, आणि घेणार एकालाच. चाळीस मिनिटं खणखणीत बोल."

"त्याला ओळखायचं कसं, आपाय?"

"करडा कोट घालतो. बसला तरी काढत नाही. आणि हसत नाही."

"मग त्याला आवडलं हे कळणार कसं?"

"आजवर कुणाला कळलंय?" असं म्हणून आपायनी फोन ठेवला.

संध्याकाळी पाच वाजता सभागृह भरलं. दोनशे माणसं होती. मामांना पहिल्या रांगेत मधोमध बसवलं, कारण वडीलधाऱ्या माणसाला दुसरीकडे बसवणार कुठे? त्यांच्या कल्पाकामुळे मागच्या पाच जणांना रंगमंच दिसेनासा झाला. पण म्हाताऱ्या माणसाला टोपी काढा कोण म्हणणार? ते पाचही जण मुकाट्याने एका अंगाला कलले, त्यांच्या मागचे पाच दुसऱ्या अंगाला कलले, आणि मधली अख्खी रांग वाऱ्यात सापडलेल्या गवतासारखी दिसू लागली. करडा कोट तिसऱ्या रांगेत कडेला होता. त्याचा चेहरा कुलूप लावल्यासारखा बंद होता.

तिलेकने सुरुवात केली. "मी परदेशात राहतो. म्हणजे तुमच्याकडे. माझं गाव त्या डोंगराच्या पलीकडे. गरुडाला तासाभराची वाट, मला बसने अख्खा दिवस. आई फोनवर विचारते, 'तिकडचा देश कसा आहे रे?' मी म्हणतो, 'डोंगर तोच आहे, आई. फक्त इकडून त्याची पाठ दिसते.'"

"पाठ तुमच्याकडे असेल!" मागून कुणीतरी ओरडलं आणि लोक हसले. करडा कोट हसला नाही. तिलेकने आणखी दोन विनोद टाकले. लोक हसले, पण कोटाचं बटणसुद्धा हललं नाही. माणूस घाबरला की शेवटासाठी राखून ठेवलेली चीज आधीच बाहेर काढतो. त्याने चौथ्याच मिनिटाला आजोबांचा दुवा काढला.

हा त्याचा हुकमी प्रवेश होता. जेवण संपलं की आजोबा दुवा द्यायला बसायचे आणि तो दुवा इतका लांबायचा, की ओमीन म्हणेपर्यंत सगळ्यांना पुन्हा भूक लागायची. तिलेकने पाठ वाकवली, आवाज घोगरा केला आणि आजोबांसारखे दोन्ही तळहात वर पसरले.

पहिल्या रांगेत कुबातमामांनी ते हात पाहिले. पोराने हात पसरलेत आणि सभागृहात सगळ्यात वडील आपण, मग खोळंबा कशाला? ते कल्पाक सावरत उठले, लोकांकडे वळले आणि त्यांनी आपले हात पसरले.

आता सत्तरी ओलांडलेल्या माणसाने हात पसरल्यावर कोण बसून राहील? दोनशे जोड्या हात वर झाले. चहावाल्याने किटली खाली ठेवली. सौले आपायनी कानाचा फोन काढला.

"तुमच्या घरी भांडण झालंच," मामा संथपणे म्हणाले, "तर ते पाहुण्याला जास्त मांस कुणी वाढायचं यावरून होवो! थंडीत तुमची गाडी पहिल्या झटक्याला सुरू होवो! तुमच्या मुलांना तुमचा स्वभाव न लागो आणि तुमचं आयुष्य मात्र लागो! ओमीन!"

"ओमीन!" दोनशे माणसांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. आणि ती उठली.

त्यात त्यांचा काही दोष नव्हता. दुवा झाला की उठायचं, हे त्यांच्या गुडघ्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. सगळे दाराकडे निघाले.

"छान झालं," एक बाई नवऱ्याला म्हणाली. "लांबण लावली नाही."

"अहो, थांबा!" तिलेक रंगमंचावरून ओरडला. "अजून छत्तीस मिनिटं बाकी आहेत!"

"दुव्यानंतर कुणी बसतं का?" बाई मागे वळून म्हणाली. "तुमच्याकडे डोंगरापलीकडे बसत असतील!"

"आमच्याकडेही नाही बसत," तिलेक कळवळून म्हणाला आणि मामांपाशी धावला. "तायके, हे काय केलंत?"

"काय केलं? तू हात पसरून ताटकळला होतास. मला बरं दिसेना."

"तो विनोद होता हो!"

"दुव्याचा?" मामा म्हणाले. मग खिशातून बसचं दुसरं तिकीट काढून ते गुडघ्यावर ठेवून त्याच्या सुरकुत्या काढू लागले.

तिलेकला समोर भूगोलाचा नकाशा दिसू लागला.

"रडतोस काय!" सौले आपाय खेकसल्या. "बाहेर जमा केलेले कोट परत मिळतात त्या खिडकीपाशी रांग लागलीय. कोट द्यायला एकच बाई आहे आणि तिला घाई म्हणजे काय ते माहीत नाही. स्वयंपाकघरात नान आहेत. पळ!"

तिलेकच्या डोक्यात प्रकाश पडला. तो छातीशी सहा नान धरून दारात आडवा उभा राहिला. "नान तोंडाला लावल्याशिवाय कुणी जायचं नाही!"

रांग थबकली. घाई असो, आजार असो, घराला आग लागलेली असो, समोर धरलेला नान न चाखता उंबरा ओलांडणारा माणूस त्या दोन्ही देशांत अजून जन्मायचा होता. प्रत्येकाने तुकडा मोडला. नान सकाळचा होता. तो घशाखाली उतरायला चहा लागला, चहा आत होता, आणि चहा काही उभ्याने पीत नाहीत. वरच्या मजल्यावरून जिना उतरून घरी निघालेली माणसंसुद्धा या नानात अडकली. दहा मिनिटांत सगळे परत खुर्च्यांवर होते आणि वर पंधरा माणसं जास्त होती. मामांनी पिशवी उघडून कुरुत वाटायला घेतलं होतं. तिसऱ्या रांगेच्या कडेला करडा कोट पुन्हा दिसला, तेव्हा तिलेकचा जीव भांड्यात पडला.

मग त्याने जीव तोडून सांगायला सुरुवात केली. त्याच्या परक्या बोलीला घरमालकीण कशी दाद देत नाही, सीमेवरचा शिपाई दर वेळी "विनोद करतोस? मग कर एक" म्हणून कसा अडवून ठेवतो, सगळं सांगितलं. लोक पोट धरून हसत होते. करडा कोट मात्र भिंतीसारखा बसला होता. चहा पिताना त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून एक ओघळ हनुवटीपर्यंत गेला, तोही त्याने पुसला नाही. 'काय हा संयम!' तिलेकला वाटलं. तो आणखी जोरात बोलू लागला. पस्तिसाव्या मिनिटाला त्या चेहऱ्याची उजवी बाजू हलली, चाळिसाव्याला डावीही हलली, आणि मग तो माणूस असा खदखदून हसला, की शेजारच्याने त्याचा पेला धरला.

जिंकलो! तिलेक वाकून म्हणाला, "धन्यवाद! शुभ संध्याकाळ!"

कुणीच उठलं नाही.

"संपलं," तिलेक म्हणाला.

लोक चहा पीत राहिले. कारण दुवा झाला नव्हता. खाणं झालं आणि दुवा नाही, मग उठायचं कसं? तिलेकने मामांकडे आशेने पाहिलं. मामा कुरुत चघळत छताकडे बघत होते.

तिलेकने आणखी दहा मिनिटं काढली. मग लहानपणच्या गोष्टी सांगितल्या, मग चहाच्या डब्यावरचा मजकूर वाचून दाखवला. लोक त्यालाही हसले. तास उलटून गेला. शेवटी तो रंगमंचाच्या कडेला येऊन गुडघ्यांवर बसला.

"तायके, दुवा द्या ना."

"विनोदाचा की खरा?"

लोक हसले. तिलेक हसला नाही. "खरा. चुकलो मी. आजोबांच्या दुव्याची नक्कल करत होतो. ते गेल्यापासून कुणी इतका लांब दुवा देत नाही, तायके. म्हणून मीच देतो, रोज."

मामांच्या तोंडातला कुरुत थांबला. "ते फार लांबवायचे, हे खरं," ते पुटपुटले. "माझ्या लग्नात मटण गोठलं होतं." मग ते उठले. या वेळचा दुवा अकरा मिनिटं चालला आणि त्यात बोकडांपासून भूकंपापर्यंत काहीही सुटलं नाही. ओमीन झाल्यावर लोक डोळे पुसत घरी गेले.

करडा कोट मात्र तिलेककडे आला. तिलेकने पाठ ताठ केली.

"भाऊ," तो गाल चोळत म्हणाला, "वरच्या डॉक्टरांनी दाढ काढली माझी. अख्खं तोंड बधिर होतं. घरी निघालो तर तुम्ही नान पुढे केलात. पहिला अर्धा तास हसायची फार इच्छा होती, पण जमेना."

"म्हणजे अस्तानाहून आलेले तुम्ही नव्हे?"

"मी खालच्या गल्लीत राहतो," तो म्हणाला. आणखी एक कुरुत मागून, तो उजव्या दाढेखाली धरून तो निघून गेला.

तिलेक रिकाम्या खुर्चीवर बसला. खरा माणूस कोट अंगातच ठेवणारा. त्याला खिडकीपाशी रांग लावायची गरजच नव्हती, तो पहिल्या ओमीनलाच सरळ बाहेर पडला असणार. मामांनी शेजारी बसून दोन्ही तिकिटं हातात घेतली. तेवढ्यात सौले आपाय फोन नाचवत आल्या.

"निरोप आलाय! ऐक. 'वीस वर्षांत हजार कार्यक्रम पाहिले. वेळेत संपलेला हा पहिला. चार मिनिटं, त्यानंतर दुवा, आणि लोक समाधानाने घरी. पंधरा शहरं पक्की. यात एक शब्दही वाढवू नये. म्हातारबाबा सोबत हवेतच.'"

तिलेकने सव्वा तासाच्या आपल्या मेहनतीकडे, म्हणजे रिकाम्या पेल्यांकडे पाहिलं आणि मग मामांकडे.

मामांनी कल्पाक नीट केला, फोन काढला आणि बहिणीला लावला.

"हॅलो, ऐक. मास्तरची जागा दुसऱ्याला देऊ दे. पोराचं काम बघितलं. अब्रूचं आहे. लोकांना घरी बोलावल्यासारखं बोलावतो, नान देतो, चहा देतो आणि दुवा घेऊन परत पाठवतो." मग त्यांनी तिलेककडे पाठ केली आणि आवाज जरा खाली आणला. "मध्ये थोडं बडबडतो. पण लोक समजून घेतात. आणि हे बघ, पंधरा शहरं होईपर्यंत माझ्या मेंढरांचं तू बघ. मला काम लागलंय."