जामुनचा उपास

मी एकदा ठरवलं की ठरवलं! उज्जैनमध्ये, नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीत कुणालाही विचारा. कुठल्याही क्लासला न जाता मी स्कूटर शिकले, शिवण शिकले, फ्यूज बदलायला शिकले. मग एका कुत्र्याचं वजन उतरवणं ते काय!

कुत्रा आमचा, जामुन. काळाकुळकुळीत आणि गोल. पाकात सोडायचाच तेवढा बाकी! सात वर्षं रोज माझ्याआधी गच्चीवर पोचणारा. एके सकाळी तिसऱ्याच पायरीवर बसला आणि वर माझ्याकडे नुसता बघत राहिला. पापड तसेच टाकून मी खाली आले, ह्यांना उठवलं आणि फ्रीगंजमधला जनावरांचा दवाखाना गाठला.

जामुन काट्यावर एकटा उभा राहीना. डॉक्टर म्हणाले, "भाभीजी, गोद में लेकर खड़ी हो जाइए. फिर आपका वजन घटा देंगे."

उचलला! दोघांचे मिळून नव्वद किलो.

"अब आप अकेली."

अकेली? तिथे सहा माणसं, एक बकरी आणि आमचे हे उभे!

"मुझे पता है मेरा. इकसठ!" मी ठणकावलं. (हा एकसष्टाचा आकडा तुम्ही मनात ठेवू नका.)

"मतलब ये उनतीस का?" डॉक्टरांनी डोळे चोळले. "बीस होना चाहिए! घुटनों पर जोर आ रहा है. नौ किलो कम कीजिए, नहीं तो सीढ़ियाँ भूल जाइए."

"करके दिखाऊँगी!"

घरात सोपं होतं. मोजून दोन वाट्या जेवण, आणि ह्यांची बिस्किटं कपाटात, कुलपात. पंचाईत फाटकाबाहेर! काळा कुत्रा म्हणजे भैरवनाथांचं वाहन. शनिवारी तर फाटकाशी ही गर्दी: तेल लावलेली पोळी, इमरती, दूध. मी पाटी लावली, 'डाएट चालू है'. समोरच्या माईंनी पाटी मोठ्याने वाचली, पोट धरून हसल्या आणि माझ्यादेखत जिलबी टाकली.

मग मला सुचलं! उज्जैनमध्ये डाएट कुणीही मोडेल, पण उपास? छे! नवी पाटी: 'जामुन का उपवास है. कृपया कुछ न खिलाएँ.'

अर्ध्या तासात माई डबा घेऊन हजर.

"अगं, उपास आहे तर आधी नाही का सांगायचं? साबुदाण्याची खिचडी आणलीय त्याला. साजूक तुपातली!"

"माई, उपास म्हणजे त्याला काहीच द्यायचं नाही!"

"निर्जळी? ह्या मुक्या लेकराला? काय बाई कठोर आहेस!"

संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीत बातमी! राजगिऱ्याचे लाडू आले, साबुदाणावडे आले, मोरधनाचा, म्हणजे आपल्या भगरीचा, शिरा आला. कुणी जामुनच्या गळ्यात हार घातला. एका बाईंनी त्याला मुलीच्या लग्नाचं विचारलं; तो शेपूट हलवताच त्या समाधानाने गेल्या. चौथ्या दिवशी एक ऑटोवाला बाहेरगावचे यात्रेकरू घेऊन आला: "दर्शन कर लो, व्रत रखता है!"

पण मी हटले नाही! फाटकाशी खुर्ची टाकून बसले. आलेला प्रत्येक डबा जप्त! उपासाचं अन्न टाकवत तर नाही, म्हणून ते मी मार्गी लावत होते. कसं, ते विचारू नका. सकाळ-संध्याकाळ जामुनला बसस्टँडपर्यंत चालवत होते. येताना मी ऑटोत बसायची आणि तो शेजारून धावायचा. लोक हसायचे. हसू देत!

दीड महिन्याने एका सकाळी गच्चीचं दार उघडते, तर वर जामुन आधीच हजर! मला रडूच आलं. लगेच वरात दवाखान्यात, माईसुद्धा आल्या. त्याला उचलून काट्यावर चढले.

एक्याण्णव!

"उलटा बढ़ गया?" डॉक्टर चक्रावले. "दिखता तो दुबला है. भाभीजी, इस बार आप अकेली."

ह्यांनी जामुनला माझ्या हातातून काढूनच घेतलं. गद्दार! काटा एकाहत्तरावर थांबला.

"मतलब ये बीस!" डॉक्टर आनंदाने ओरडले आणि एकदम गंभीर झाले. "उनतीस से बीस? डेढ़ महीने में नौ किलो? ये तो कोई बीमारी है! खून निकालो, सोनोग्राफी करो, आज ही भर्ती करो!"

त्यांनी सुई काढली. जामुनने माझ्या पदरात तोंड खुपसलं.

"रुकिए!" मी ओरडले. "पिछली बार मैं इकसठ नहीं थी! अड़सठ थी!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या! बकरी आजही होती, तिनेही चघळणं थांबवलं.

डॉक्टरांनी बोटांवर मोजलं. "यानी ये बाईस का था. दो ही किलो उतारने थे… और भाभीजी, आप इस बीच तीन…"

"मुझे गणित आता है!"

"तरीच माझे डबे इतके लखलखीत परत यायचे," माई म्हणाल्या.

घरी आल्या आल्या ह्यांनी फाटकावरची पाटी काढली, त्यातलं 'जामुन' खोडलं आणि फ्रीजवर लावली. वर कुणाचं नाव लिहिलं, ते सांगणार नाही. जामुन आता रोज माझ्याआधी गच्चीवर असतो, आणि मी धापा टाकत पोचले की शेपूट हलवून शाबासकी देतो. देऊ दे!

पण एक ठासून सांगते: त्या एकाहत्तरांत माझी पर्सही होती! आणि पर्समध्ये माईंचा भरलेला डबा.