पाद्रीबाबांचा पणतू

शनिवारी संध्याकाळी आमच्या शेजारचे साळवेभाऊ टीव्हीवर टॉवेल घालतात. नुसता बंद करत नाहीत, झाकतात. रविवार प्रभूचा दिवस. त्या दिवशी मॅच नाही, शॉपिंग नाही, हसणंसुद्धा बेतानंच.

शारजात, रोल्ला भागात आमची दारं समोरासमोर. पूर्वी इथे शुक्रवारी सुट्टी असायची, म्हणून चर्चची उपासनाही शुक्रवारी. साळवेभाऊ शुक्रवार पाळायचेच, वर ऑफिसात बसून रविवारही पाळायचे. कोणी जोक मारला की म्हणायचे, "हबीबी, उद्या हसतो."

याचं मूळ नगरकडे. त्यांचे पणजोबा तिथल्या एका खेड्यात पाळक, म्हणजे चर्चचे पाद्रीबाबा होते. त्यांना बाप्तिस्मा देणारा गोरा पाद्री अमेरिकेतल्या कडक प्युरिटन घराण्यातला. त्यानं पत्ते, तंबाखू, तमाशा सगळं सोडायला लावलं. पणजोबांनी आपल्या पदरचं त्यात शिट्टी वाजवणंही घातलं. आजही साळव्यांच्या घरात शिट्टी चालते ती फक्त कुकरची. बाकी लिपस्टिक असो की मॉलमधला लकी ड्रॉ, भाऊंचं एकच उत्तर: "पणजोबांना चाललं नसतं."

भाऊंच्या पत्नी सुशीलावहिनी वारल्या तेव्हा मुलगी रूथ शाळेत होती. तिच्या वेण्या घालण्यापासून सगळं भाऊंनीच केलं. गेल्या हिवाळ्यात तिचं लग्न ठरलं. पार्टी दुबई मरीनात, डीजेसकट.

"पपा, फादर-डॉटर डान्स. प्लीज!"

"पणजोबांना…"

"पपा, ही इज नॉट इन्व्हाइटेड!"

दोन दिवस गेले. मग सकाळीच आमची बेल वाजली; दारात भाऊ.

"वहिनी, गणपतीतले नाच तुम्हीच बसवता ना? मला दोन पावलं शिकवा. आधी पडदे ओढा."

भाऊ प्रार्थनेला उभे राहावं तसे ताठ उभे राहिले. उजवा पाय म्हटलं की डावा यायचा. एकदा सोफ्याला धडकले आणि त्यालाच "सॉरी" म्हणाले. पण रोज आले.

पार्टीत त्यांनी रूथच्या झग्यावर दोनदा पाय दिला. ती आधी खदखदून हसली, मग तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. गाणं संपलं तरी दोघं हळूहळू हलतच होती.

भाऊ घाम पुसत माझ्या शेजारी येऊन बसले. मी म्हटलं, "झकास नाचलात!"

"सुशीलाच्या माहेरच्यांनी आमच्या लग्नात बँड आणला होता," ते म्हणाले. "तिनं हळूच विचारलं, जरासं नाचू या का? मी तिच्याकडे नुसतं पाहिलं."

त्यांनी ग्लासातलं पाणी संपवलं.

"परत तिनं कधी विचारलं नाही, वहिनी."