एक्केचाळीस नंबरचा आवाज

गायकवाडांना कुणी नमस्कार केला की ते उलट विचारतात, "आज कोणती फाईल बिघडवलीत?"

आम्ही काही पुणेकर दर रविवारी कोथरूडच्या एका ऑफिसात जमतो आणि मराठी बोलणं ऐकून टाइप करणारी सॉफ्टवेअरं तयार करतो. फुकट, सगळ्यांना खुली. ती नीट चालतात का हे तपासायला लागणारे नमुन्याचे आवाज एकाच सामायिक फोल्डरमध्ये असतात, आणि निवृत्त सरकारी अधिकारी गायकवाड हे त्या फोल्डरचे स्वयंघोषित फौजदार. प्रत्येक आवाजाला चिठ्ठी हवी: कोण बोललं, कुठे, नेमकं काय म्हणालं. लोणी काळभोरच्या आजी "हाय" म्हणाल्या आणि तुम्ही "आहे" लिहिलंत, की संपलंच. "आपण आजींचे मास्तर आहात का?"

माझ्या डोक्यात जायचा हा माणूस. फुकटचं काम, वर यांची बोलणी!

एकदा मी त्यांचं फोल्डर स्वच्छच करून दाखवलं. एक्केचाळीस नंबरच्या फाईलमध्ये एक बाई फार अडखळायची आणि सगळी सॉफ्टवेअरं तिथेच नापास व्हायची. मी मधली शांतता कापली, घशातले आवाज काढले आणि जुन्या फाईलच्या जागी ही ठेवली. सगळी पास! पेढे वाटायचेच बाकी होते.

गायकवाडांनी ते पाहिलं आणि ते भडकलेच. "अहो, पेपर सोपा करून पोरगं पास केलंत! लाज वाटते का काही?"

मीही भडकलो. "जुनी प्रत आहे ना? दोन मिनिटांत परत येईल. आणि चिठ्ठीवर बाईचं नाव कुठंय? नियम फक्त आम्हाला का?"

त्यांनी जुनी प्रत लावली. "चहा..." मग इतका वेळ काहीच नाही, की मी स्पीकरची वायर तपासली. "...नको. पा... पाणी."

सॉफ्टवेअरनं टाइप केलं: चहा.

"आमची मंडळी," गायकवाड स्क्रीनकडे बघत म्हणाले. "अर्धांगवायूचा झटका आल्यानंतरची."

मी स्पीकरची वायर हातातून सोडली.

"हे यंत्र चुकतं ना, तस्साच मी चुकायचो. 'चहा' ऐकलं की उठून गॅस पेटवायचो. चिठ्ठी लिहायची म्हणून पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं." त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "दोन वर्षं, अहो! दोन वर्षं नको असलेला चहा पीत होती ती."