मागच्या बंपरची प्रकृती

अपघातात जे दिसतं तेवढंच लागलेलं असतं, हा नियम कोणी केला ठाऊक नाही. पण तो इतक्या काटेकोरपणे पाळला जातो की समाजात शिस्त उरली नाही असं म्हणणाऱ्यांची कीव यावी. रक्त आलं तर अपघात. हाड मोडलं तर मोठा अपघात. दोन्ही नसेल तर ‘थोडक्यात वाचलात’, आणि चहा.

आमच्या गल्लीतल्या घड्याळजींची गाडी (रंग मोतिया, मागच्या काचेवर लेकीने चिकटवलेलं पिवळं बदक) सिग्नलला उभी असताना मागून टेम्पोने ठोकली. घड्याळजींचं डोकं झटक्यात मागे गेलं, तसंच पुढे आलं आणि पुन्हा जागेवर बसलं. निदान बसल्यासारखं दिसलं. मग ते उतरले आणि रीतीप्रमाणे गाडीमागे जाऊन उभे राहिले. टेम्पोवालाही आला. दोघांनी आळीपाळीने बंपर दाबून पाहिला. वाटेने जाणाऱ्या एका गृहस्थांनी गुडघ्यावर बसून खालच्या बाजूविषयी मत दिलं आणि ते निघून गेले.

“तुम्हाला काही लागलं नाही ना?” टेम्पोवाल्याने डिकीच्या कुलपाकडे बघत विचारलं.

“नाही हो, बंपरच काय तो,” घड्याळजी म्हणाले.

या दुखण्याची खोड अशी, की ते त्याच दिवशी येईलच असं नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. मान लाकडासारखी, डोक्याचा मागचा भाग ठणकतोय, आणि कोणी हाक मारली की घड्याळजी कपाट सरकवल्यासारखे सगळेच्या सगळे वळत. पण अपघात काल झालेला. उशिरा आलेल्या दुखण्याला घरात उशिरा आलेल्या पाहुण्याचा मान मिळतो: आता कशाला?

तरी तपासण्या झाल्या. सासूबाईंनी उशी दोषी ठरवली. मेहुण्याने पंखा. थोरल्या काकांनी सांगितलं, की त्यांच्या तरुणपणी माना दुखत नसत. भेटायला आलेल्यांपैकी शेकडा नव्वद आधी बंपर पाहून मग वर आले. उरलेल्या दहांनी जाताना पाहिला.

मग गाडी गॅरेजमध्ये गेली; तिथे तिची व्यवस्था चोख होती. तिला उचलून खालून पाहिलं, चाकं सरळ रेषेत आहेत का मोजलं, आणि ती दोन्ही बाजूंना विनातक्रार वळते याची खात्री करायला मिस्त्री स्वतः चक्कर मारून आला. घड्याळजी किती वळतात हे पाहायला कोणी आलं नाही. (ते दुकानात होते. काम तुंबलं होतं.)

चौथ्या दिवशी डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट बधिर झालं. तिळाएवढा स्क्रू चिमट्यातून सुटला. दुसराही सुटला.

“हातातनं निसटतंय गं,” ते घरी येऊन बायकोला म्हणाले. हे त्यांनी हवापाण्याविषयी बोलावं तसं सांगितलं. पण ज्याचं सगळं पोट दोन बोटांच्या चिमटीत आहे, त्याच्या तोंडून ते ऐकून ती गॅस बंद करून बाहेर आली.

नेमके त्याच वेळी वरच्या मजल्यावरचे पैलवान बाह्या सारून हजर झाले. (या क्षेत्रातली त्यांची पात्रता: इमारतीतली सगळी घट्ट झाकणं तेच उघडतात.)

“वहिनी, एक झटका देतो. खाडकन सुटेल.”

“भाऊजी,” ती मधे उभी राहून म्हणाली, “झाकण नाहीये ते.”

आणि ती नवऱ्याला दवाखान्यात घेऊन गेली. रिक्षाने, गाडी विश्रांती घेत होती.

डॉक्टरांनी बोटांना टाचणी टोचली, कोपरावर हातोडी मारली, मानेचा फोटो काढायला लावला. नस दाबली गेली होती. मालीश नाही, झटका नाही, सोसेल तेवढीच हालचाल, आणि आठवड्याने पुन्हा या.

“हाताला मुंग्या येईपर्यंत थांबायचं नसतं. मान धरली तेव्हाच का नाही आलात?”

“तेव्हा गाडी गॅरेजला न्यायची होती.”

हे डॉक्टरांना पटलं असावं. चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, “कुणाकडे टाकलीत?”

गाडी आता नव्यासारखी आहे. बंपरवर ओरखडाही नाही. घड्याळजींचा अंगठा कामावर रुजू झाला; शेजारचं बोट अजून रजेवर आहे. बायकांची छोटी घड्याळं ते सध्या दुसऱ्या दुकानात पाठवतात आणि गिऱ्हाइकाला सांगतात, की पार्ट येत नाही. गिऱ्हाईक सहानुभूतीने गाडीची चौकशी करतं.

लोक असे कसे, असं तुम्हाला वाटलं असेल. वाटू द्या. फक्त एक करा: काचेवर कोणता पक्षी होता ते तर तुम्हाला आठवतंच आहे, आता बोटं कोणत्या हाताची, ते वर न बघता सांगा.